गालावरचं जांभळं

तोंडाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन संपलं की बाहेर बसलेली माणसं एकच विचारतात, "गाठ सगळी निघाली ना?" गाठ निघालेली असते. पण त्याच वेळी दुसरं एक घड्याळ सुरू झालेलं असतं. काढलेल्या गालाच्या जागी मांडीचं कातडं बसवलेलं असतं. ते जगतंय की नाही, हे पुढचे तीन दिवस, आणि पहिल्या रात्री तर तासातासाला, बघावं लागतं. अनुभवी हातांत शंभरातले पंचाण्णव जगतात. ही हकीकत उरलेल्यांची आहे.

हा घटनाक्रम चंडीगडमधल्या जानेवारीतल्या एका रात्रीचा आहे. त्यातला रुग्ण कुणी एक माणूस नाही आणि रुग्णालयही कुठलं एक नाही. सूक्ष्मशस्त्रक्रियेच्या वॉर्डांत अशा रात्री जशा येतात, तशा जोडून ही एक रात्र मांडली आहे. खुणा, कारणं आणि परिणाम मात्र खरे आहेत.

सकाळी ८:०० (३० तास आधी)

टेबलावर विट्याकडचा गलाईवाला आहे. खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, त्यांतलाच एक. पंजाबातल्या एका सराफ बाजारात तीस वर्षं भट्टीपुढे बसलेला. मुशीतल्या धातूचा रंग बघून तो किती तापलाय ते सांगणारा. त्या तीस वर्षांत गालात तंबाखू-चुन्याची गोळी कायम. चंडीगड २००७ मध्ये देशातलं पहिलं धूरमुक्त शहर म्हणून जाहीर झालं, पण गालातल्या गोळीला धूर नसतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले.

उत्तरेतले असे रुग्ण चंडीगडची वाट धरतात. १९६२ पासून इथे पीजीआय ही वैद्यकीय संस्था आहे आणि २०२२ मध्ये शेजारच्या मुल्लांपूरला टाटा मेमोरियलचं ३०० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं.

गाठ गालाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत आली आहे. गाल आरपार काढायचा, जबड्याचा मागचा तुकडा आणि मानेतल्या गाठीही काढायच्या. मग डाव्या मांडीवरचं कातडं, चरबी आणि त्यांना पोसणारी धमनी व शिरा असा सगळा तुकडा उचलून गालावर बसवायचा. यालाच फ्लॅप म्हणतात. मधोमध दुमडून एक बाजू तोंडाच्या आत जाईल, दुसरी बाहेर गाल होईल.

दुपारी ४:२० (२१ तास ४० मिनिटं आधी)

मांडीपासून तोडलेला तुकडा गालाच्या जागी ठेवला आहे. त्याची धमनी मानेतल्या धमनीला आणि शीर मानेतल्या शिरेला जोडली आहे. नळ्यांची रुंदी बासमतीच्या दाण्याच्या जाडीएवढी. धागा केसाच्या निम्म्या जाडीचा. सगळं सूक्ष्मदर्शकाखाली.

क्लॅम्प सुटतो. मेणासारखं पांढरं पडलेलं कातडं आधी मधोमध, मग कडेपर्यंत गुलाबी होत जातं. कडेला सुई टोचल्यावर लालभडक थेंब येतो. टेबलाभोवतीची सगळी माणसं त्या थेंबाकडे बघत असतात.

कातडं हलवून चेहरा उभा करणं जुनं आहे. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या मराठी मुलखातल्या गाडीवानाचं कापलेलं नाक कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाच्या कातड्याने पुन्हा उभं केलं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. कातडं बसवून वर काताच्या लेपाच्या पट्ट्या लावल्या. चार दिवस त्या काढल्या नाहीत, मग तुपात भिजवलेली फडकी ठेवली. कपाळाशी जोडणारा देठ कापला तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर नव्या नाकाला जुन्याच वाटेने रक्त मिळत होतं, म्हणून चार दिवस न उघडताही ते जगलं.

आजच्या फ्लॅपचा देठ पहिल्याच दिवशी तोडलेला असतो. सगळं रक्त एका नळीने आत येतं आणि बहुतेक वेळा एका-दोन नळ्यांनी बाहेर जातं. म्हणून त्याच्यावर पट्टी बांधून चार दिवस झाकता येत नाही. तो उघडा ठेवायचा आणि बघत राहायचं.

रात्री ८:०० (१८ तास आधी)

रुग्ण वॉर्डात येतो. गळ्यात श्वासाची नळी, नाकात दुधाची नळी, मानेत दोन ड्रेन. बाहेर धुकं उतरलं आहे. खोलीत हीटर लावला आहे, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात. मान सरळ, दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या. गळ्यातली नळी कातडीला टाके घालून बसवली आहे, मानेभोवती फीत बांधलेली नाही. मानेतली शीर कातडीखाली अगदी वरवर असते आणि फीत तिच्यावरूनच जाते. उशाशी मोठ्या अक्षरांत पाटी आहे: "मानेला काही बांधू नये."

पायथ्याशी तक्ता. दर तासाला पाच गोष्टी: रंग, ऊब, ताण, दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, आणि वाहतं रक्त ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राचा आवाज. सहावा रकाना 'शेरा'. ज्या जागी आवाज नीट येतो तिथे निळ्या धाग्याचा एक टाका घातलेला आहे, म्हणजे रात्री शोधत बसायला नको.

बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर आहे. एका नातेवाईकाला परवानगी आहे.

रात्री १०:०० (१६ तास आधी)

कातडं फिकट गुलाबी, कोमट, पोळीसारखं मऊ. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-अडीच सेकंदांत परत येतो. डॉप्लरची पेन्सिल टाक्यावर टेकवली की धमनीचा हुश्-हुश् आवाज आणि त्यामागे शिरेचा सलग घोंघावणारा आवाज, दोन्ही ऐकू येतात. पाचही रकाने भरले जातात.

रात्री १२:४० (१३ तास २० मिनिटं आधी)

खोकल्याची मोठी ढास येते. कफ साफ करताना गळ्यातल्या नळीचा एक टाका सुटतो आणि नळी बोटभर बाहेर सरकते. ती निघाली तर माणूस मिनिटांत गुदमरेल. ड्युटीवरची सिस्टर तत्परतेने नळी आत बसवते आणि मानेभोवती फीत बांधून घट्ट करते. पाटी उशाच्या मागे सरकलेली असते.

इथे कुणी निष्काळजी नाही. एक जीव वाचवणारं काम झालं आहे. पण त्या फितीने मानेतली शीर दाबली गेली. धमनीची भिंत जाड, तिच्यातला दाब जास्त, ती दबली नाही. शिरेची भिंत पातळ, ती मिटली.

रात्री १:०० (१३ तास आधी)

फ्लॅपमध्ये रक्त येतं आहे, बाहेर पडत नाही. जिथे शीर शिवली आहे तिथे रक्त साचू लागतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. फ्लॅपची वाट बंद पडते ती बहुतेक वेळा शिरेतच, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत.

या क्षणी इलाज एका कात्रीचा आहे. फीत कापायची, नळीला पुन्हा टाका घालायचा.

रात्री २:०० (१२ तास आधी)

तासाची नोंद. वॉर्डातले मोठे दिवे बंद आहेत, उशाशी पिवळा दिवा आहे. रंग: "ठीक". ऊब: "आहे". दाबून सोडल्यावर रंग एका सेकंदाच्या आत परतला. नोंद: "उत्तम". डॉप्लर: "ऐकू येतो".

या एका ओळीत तीन फसवे रकाने आहेत. पिवळ्या प्रकाशात निळसर झाक मरते, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती मुळातच कमी उठून दिसते. रंग फार लवकर परतला, म्हणजे आत रक्त तुंबलं आहे. संथ परतणं हे धमनी अडल्याचं लक्षण आहे आणि झटकन परतणं हे शीर अडल्याचं, पण मनात एकच धडा पक्का बसलेला असतो की संथ म्हणजे वाईट. म्हणून झटकन ते चांगलं वाटतं. आवाज ऐकू आला तो धमनीचा. मागचा घोंघावणारा आवाज थांबला होता, पण तक्त्यात दोन आवाजांसाठी दोन रकाने नव्हते.

पहाटे ३:०० (११ तास आधी)

बायको उठून पांघरूण नीट करते. मोबाईलचा पांढरा उजेड नवऱ्याच्या गालावर पडतो आणि ती थांबते. तिने तीस वर्षं नवऱ्याला मुशीतला रंग बघताना पाहिलं आहे. रंग बदलला की काहीतरी झालं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. ती गालाला बोट लावते. संध्याकाळी मऊ होता, आता फुगलेल्या पुरीसारखा ताणलेला आहे.

"सिस्टर, इधर देखो ना. शाम को ऐसा नहीं था. जांभळा हो गया है."

सिस्टरला 'जांभळा' कळत नाही. पण काळजी कळते. ती येते, डॉप्लर लावते. हुश्-हुश्. आवाज आहे. तरीही ती डॉक्टरांना फोन करते. ड्युटीवरचा रेसिडेंट इमर्जन्सीत आहे. धुक्यात हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळल्या आहेत. तो म्हणतो, "डॉप्लर है ना? आता हूँ."

शेऱ्याचा रकाना रिकामा राहतो.

पहाटे ४:१० (९ तास ५० मिनिटं आधी)

रेसिडेंट येतो. वीस तास झाले, तो उभाच आहे. कडेला सुई टोचतो. रक्त लगेच येतं आणि येतच राहतं. काळपट, काकवीसारखं. धमनी अडली असती तर कोरडं राहिलं असतं. हे रक्त उलट सांगतं आहे.

तो फोटो काढून सीनियरला पाठवतो. पिवळ्या दिव्याखालचा फोटो. उजेड वेगळा, अंतर वेगळं, शेजारी रात्री दहाचा फोटो नाही. स्क्रीनवर गाल तपकिरी दिसतो, माणसाच्या कातडीसारखाच. काळ्या रक्ताबद्दल तो एक ओळ लिहितो, पण फोटो ती ओळ झाकून टाकतो. उत्तर येतं: लक्ष ठेव, राउंडला बघतो.

या वेळेला हाताशी आणखी एक साधन होतं. प्रत्येक वॉर्डात असतं ते साखर मोजायचं यंत्र. तुंबलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात आणि नवी येत नाही. म्हणून फ्लॅपच्या थेंबातली साखर बोटाच्या थेंबापेक्षा बरीच खाली दिसते, तासागणिक घसरत जाते. दोन टोचण्यांत संशयाला आकडा मिळतो. शिरेभोवती बसवायचा चिमुकला डॉप्लरही असतो, त्याची तार बाहेर येते आणि रक्त थांबलं की आवाज थांबतो. ऊतीतला प्राणवायू कातडीवरून मोजणारी यंत्रंही आहेत. पण ती महाग आहेत. आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत डोळा, बोट, सुई आणि टॉर्च यांवरच काम चालतं. ती चार साधनं पुरतात, नीट वापरली तर.

पहाटे ५:३० (८ तास ३० मिनिटं आधी)

आता शंका उरत नाही. गाल पिकल्या जांभळासारखा. टाक्यांच्या फटींतून काळं रक्त पाझरतं, कडेला पाण्याचे फोड धरले आहेत. आतला दाब इतका वाढला आहे की धमनीलाही रक्त ढकलणं जड जातं आहे. सुजेने शीर आणखी दबते, शीर दबल्याने सूज वाढते.

सकाळी ७:०० (७ तास आधी)

राउंड. सीनियर सर्जन पडदा सरकवून बाहेरचा उजेड आत घेतात आणि दोन पावलांवरूनच ओळखतात. कात्री मागून फीत कापतात, मानेचे दोन टाके सोडतात. थोडं काळं रक्त वाहून जातं, गाल किंचित निवतो. मग पुन्हा तसाच.

कुणीतरी जळवांचं नाव काढतं. सुश्रुतसंहितेत जळवांवर अख्खा अध्याय आहे, आणि १९६० पासून आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीनेही तुंबलेल्या फ्लॅपसाठी त्या वापरल्या आहेत. पण मुख्य शीरच बंद असेल तर जळवांनी भागत नाही. मान उघडावी लागते.

टीममध्ये लातूरकडचा एक ज्युनियर आहे. तो स्टुलापाशी वाकतो.

"काकू, रात्री काय दिसलं होतं तुम्हाला?"

"डॉक्टर, तीनलाच जांभळं दिसलं होतं मला. सांगितलं मी. मशीनचा आवाज येतोय म्हणाले, म्हणून गप्प बसले."

सकाळी ७:२० ते ९:४० (४ तास २० मिनिटं उरेपर्यंत)

संमती, रक्ताची जुळवणी, भूलतज्ज्ञ, रिकामं टेबल, सूक्ष्मदर्शक. रात्रीच्या अपघातांमुळे दोन ओटी अडकलेल्या आहेत. प्रत्येक गोष्ट आवश्यक आहे, आणि प्रत्येकीला वेळ लागतो. पहाटे चारला हीच यादी सुरू झाली असती तर सहाच्या सुमारास मान उघडली गेली असती.

सकाळी ९:४० (४ तास २० मिनिटं आधी)

मान उघडली. शीर काळी, टणक, वातीसारखी. छेद दिल्यावर गुठळी अळीसारखी बाहेर येते. खराब भाग कापून पायातल्या शिरेचा तुकडा मध्ये जोडतात. केसाच्या निम्म्या जाडीचा धागा पुन्हा एकदा.

सकाळी ११:३० (२ तास ३० मिनिटं आधी)

क्लॅम्प सुटतो. शीर मोकळी आहे. पण तिच्यात काही येत नाही. धमनीतही गुठळी धरली आहे. तीही काढतात. गुठळी विरघळवणारं औषध फ्लॅपच्या धमनीतून आत सोडतात. मोठ्या नळ्या उघडतात. कातडीतल्या केशवाहिन्या उघडत नाहीत. त्यांच्या भिंती सुजून मिटल्या आहेत, आत पेशींचा गाळ बसला आहे.

१९७८ मध्ये छापून आलेल्या, ऑस्ट्रेलियात सशांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं: बारा तास रक्ताविना राहिलेले फ्लॅप नळ्या पुन्हा जोडूनही जगले नाहीत. वाट मोकळी, तरी वाहणं नाही. इथे साडेदहा तास झाले आहेत. आणि रक्त तुंबून झालेली इजा बहुधा रक्त न मिळाल्याच्या इजेपेक्षा जास्त खोल असते.

दुपारी २:००

चार ठिकाणी सुई टोचतात. एकीतूनही लाल थेंब येत नाही. फ्लॅप काढून टाकण्याचा निर्णय होतो.

त्याच टेबलावर छातीचा मोठा स्नायू त्याच्या कातडीसकट वर वळवून गालाचं भगदाड बुजवतात. १९७९ पासून वापरात असलेला, भरवशाचा उपाय. त्याचा देठ तोडावा लागत नाही. पण तो जाड आहे, जड आहे, मान खाली ओढतो. गाल पूर्वीसारखा हलणार नाही. भूल दुसऱ्यांदा, जखमा तीन. लाळ झिरपली तर मानेतल्या मोठ्या धमनीला धोका. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: किरणोपचार ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. जखम भरायला उशीर म्हणजे किरणांना उशीर, आणि त्या उशिरात गाठीच्या उरलेल्या पेशींना सवड मिळते. फ्लॅप गेला म्हणजे फक्त गाल गेला असं नसतं.

घड्याळ उलटं फिरवलं तर

गुठळी कुणाच्या निष्काळजीपणाने धरली नव्हती. ती सापडण्याचा तास मात्र हातात होता. वेळेत मान उघडली तर अडलेल्या फ्लॅपांपैकी निम्म्याहून अधिक वाचतात, हे जगभरचे सर्जन सांगतात. म्हणून मला जे वाटतं ते सरळ लिहितो.

फ्लॅप बघायला पांढरा उजेड हवा, रोज तोच टॉर्च. फोटो काढायचा तर त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, आधीच्या फोटोला जोडूनच पाठवायचा. तक्त्यात धमनी आणि शीर यांच्या आवाजांना वेगळे रकाने हवेत. 'एका सेकंदाच्या आत' या नोंदीवर लाल शाईची खूण हवी. मानेला काही बांधू नये, ही पाटी उशाशी नको, नळीवरच चिकटवलेली हवी. आणि जांभळा गाल बघितलेल्या सिस्टरला, वीस तास उभ्या असलेल्या रेसिडेंटला, झोपेतल्या माणसाला उठवायचा हक्क हवा. उठवलं आणि काही निघालं नाही, तर त्याबद्दल कुणी रागावू नये. विनाकारण उघडलेली मान आठवड्यात भरते.

यांतल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही.

आणि उशाशी बसलेलं माणूस. सिस्टर आठ तासांनी बदलते, रेसिडेंट चार वॉर्डांत धावतो. तो गाल सलग बघत बसलेलं माणूस एकच असतं. त्याला संध्याकाळी पाच मिनिटं देऊन सांगावं: हा रंग बघून ठेवा, हा मऊपणा बोटाने बघून ठेवा, बदललं तर कुठल्याही भाषेत सांगा. आणि जे सांगेल ते तक्त्यात उतरवावं, वेळ घालून.

त्या रात्रीच्या तक्त्यात पहाटे तीनच्या ओळीत पाच रकाने भरलेले आहेत. सहावा, शेऱ्याचा, कोरा आहे. तिथे लिहायला एकच शब्द हवा होता. तो तीन वाजता मराठीत बोललाही गेला होता: जांभळं.